पान बेचाळीसवरची सुपार्ती

माझा नवरा खोटं बोलत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय. खोटं बोलणारा माणूस निदान पकडता तरी येतो. त्र्यंबक विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो, न विचारलेलं पोटात ठेवतो आणि वर म्हणतो, "चिंता नसावी."

मला बघायला आला तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, "अमेरिकेतली पीएचडी म्हणजे किती वर्षं?" हा म्हणाला, "चिंता नसावी." विमानात माझी बॅग हरवली तेव्हाही तेच. न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या पहिल्या हिवाळ्यात हीटर बंद पडला आणि मी ओव्हरकोट घालून पोळ्या लाटत होते, तेव्हाही हा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तेच म्हणाला. पहिली दोन वर्षं मला त्याचा धीर वाटायचा. नंतर नंतर डोक्यात तिडीक जायला लागली.

त्र्यंबक आटपाडीकडचा. लहानपणी पाण्याच्या टँकरमागे हंडा घेऊन धावलेला, किडकिडीत, कान मोठे, आणि पाणी हा विषय निघाला की समोरच्याला सोडायचा नाही. माणसं पाण्यासाठी काय काय करतात यावरच त्यानं पीएचडी घेतली. पण आटपाडीवर नाही, तर थेट इंडोनेशियावर! जावा बेटाच्या दक्षिणेला गुनुंग किदुल नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथल्या एका खेड्यावर. १९८३ साली, आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मला युनिव्हर्सिटीच्या अपार्टमेंटमध्ये एकटीला सोडून तो सात महिने तिथे जाऊन राहिला. जाताना काय म्हणाला ते सांगायला नकोच.

परत आल्यावर लिहायला बसला. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, आणि मी साताऱ्याला टायपिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाइपरायटर मांडून मी त्याचा थिसिस टाइप करायला घेतला. ठरलं होतं असं की ८६च्या डिसेंबरात थिसिस संपवायचा, मग त्यानं नोकरी बघायची आणि आम्ही माणसांसारखं जगायला लागायचं. मी कॅलेंडरवर दिवस खोडत होते.

टाइप करता करता तो मुलूख मला पाठ झाला. चुनखडीचे हजारो डोंगर, पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखे. पाऊस भरपूर पडतो, पण पडला की खडकाच्या भोकांतून खाली जातो. जमिनीच्या पोटात नद्या वाहतात आणि वर माणसं तहानलेली! पहिलं प्रकरण इतिहासाचं. जपान्यांच्या राज्यात सागाची जंगलं तोडली गेली, मग माती वाहून गेली, मग भात पिकेना, म्हणून लोक कसावाच्या, म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो त्या कंदाच्या, मुळ्या वाळवून, कुटून, वाफवून खायला लागले. साठच्या सुमारास उपासमार झाली. सत्तरनंतर लोकांनी पुन्हा झाडं लावली. दुसरं प्रकरण संस्कृतीचं. प्रत्येक गावाचं एक तळं, त्याला ते तेलागा म्हणतात. माणसं, गुरं, कपडे, सगळं त्याच पाण्यात. सुगी झाली की गावाच्या साफसफाईचा सण येतो. सगळं गाव तळ्यात उतरून गाळ काढतं, मग घराघरांतून जेवण येतं आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ होतो. तिसरं प्रकरण विकासाचं. एक प्रोजेक्ट आलं, गुहेतल्या नदीवर पंप बसला, गावात नळ आला. त्या पंपाचं कौतुक त्यानं छत्तीस पानं केलंय.

"तेलागा म्हणजे आपला तलावच गं," तो मला सांगायचा. "भूमीला बुमी म्हणतात, साक्षीदाराला साक्सी, उपवासाला पुआसा. अर्धी भाषा आपलीच आहे. तिकडे सोबत दुभाषा होता, पण आता पत्रं मी माझी मीच लिहितो. डिक्शनरी उघडावी लागत नाही मला."

शहाणाच तो!

तर, पान बेचाळीस. "कोरड्या महिन्यांत सुपार्तीला पाणी आणायला जाऊन यायला चार तास लागतात." म्हटलं, असेल कुणी. पान सत्तेचाळीसवर सुपार्तीच्या अंगणात फणसाचं झाड आलं. पान अठ्ठावन्नला तळटीप: सुपार्तीच्या सांगण्यावरून. एकसष्टला तर सुपार्ती हसली. आता पीएचडीच्या थिसिसमध्ये एखादी बाई हसते कशाला? त्या प्रकरणात ती एकोणीस वेळा आली. मी मोजली. न्यू जर्सीत पाली नसतात, पण माझ्या मनात एक चुकचुकायला लागली.

"ही सुपार्ती कोण रे?" मी पोळी वाढता वाढता विचारलं.

"मी तिच्या घरी राहायचो."

"वय काय तिचं?"

"विचारलं नाही गं. तिकडे कुणाला जन्मतारीख माहीत नसते." आणि आमटीची वाटी पुढे केली.

मी हे वरच्या मजल्यावरच्या पद्मिनीकाकूंना सांगितलं. काकू नागपूरच्या, नवरा युनिव्हर्सिटीत प्रोफेसर, आणि अख्ख्या कॉम्प्लेक्सची खबर त्यांच्याकडे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्याच्या घरी म्हणाला, त्यांच्या घरी म्हणाला की *तिच्या* घरी म्हणाला?"

"तिच्या."

"बाई गं!" एवढंच म्हणून काकूंनी कप पुन्हा उचलला. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. सप्टेंबरात त्यानं मला शेवटच्या, निष्कर्षाच्या प्रकरणाची पानं देणं बंद केलं. विचारलं की "अजून होतंय." इंडोनेशियाची पत्रं आधी घरी यायची, ती त्यानं डिपार्टमेंटच्या पत्त्यावर मागवायला सुरुवात केली. वार नाही, तिथी नाही, उठसूट म्हणायचा, "शैला, साबुदाण्याची खिचडी कर ना. तिकडे कसावाच खायचो रोज." म्हणजे मी इथे चतुर्थी धरायची आणि याला खिचडीत सुपार्ती आठवायची! आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ती गाडी. संध्याकाळी पाचला आमची जुनी डॅटसन पार्किंगमध्ये यायची. मी खिडकीतून बघायचे. हा उतरायचा नाही. खिशातून निळं पत्र काढायचा, वाचायचा, घडी घालायचा, पुन्हा उघडायचा. दहा-दहा मिनिटं. मग वर यायचा आणि हसून म्हणायचा, "काय म्हणतेस?"

काय म्हणणार? मी भाजी ढवळत राहायचे. चार वर्षांत या माणसानं माझ्याकडे असं दहा मिनिटं बघितलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या एका गुरुवारी तो कोट घरी विसरून गेला. मी खिसे तपासले. हो, तपासले! कुणी काही म्हणो. एका खिशात निळं पत्र होतं. दुसऱ्यात त्याच्या पिवळ्या पॅडचा कागद, त्याच्याच अक्षरातला. त्यानं पाठवलेल्या पत्राचा कच्चा खर्डा, वर तारीख जुलैची. वर "इबू सुपार्ती" आणि खाली सगळं इंडोनेशियन, इंग्रजी लिपीत. मला त्यातलं ओ की ठो कळेना. पण एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, सहा वेळा. सी, आय, एन, टी, ए. सिंटा.

मला वाटलं, हे नाव आहे. एक सुपार्ती होतीच, आता ही सिंटा! तिचीच बहीण असेल, नाहीतर मुलगी. गाव आहे की काय आहे?

मी कॅम्पसची बस पकडून लायब्ररीत गेले. इंडोनेशियन-इंग्रजी डिक्शनरी तिसऱ्या मजल्यावर होती. नाव असेल तर सापडणार नाही, असं मी मनाला समजावत होते. सापडलं. समोर एकच शब्द होता: प्रेम.

मी तिथेच खाली बसले, दोन कपाटांच्या मध्ये, जमिनीवर. सहा वेळा. मला या माणसानं एकदाही म्हटलेलं नव्हतं. आमच्यात कुणी म्हणत नाही, ते मी समजू शकते, माझ्या वडिलांनी आईला म्हटलं असेल असं मला वाटत नाही. पण मग ज्याला म्हणता येत नाही त्यानं कुणालाच म्हणू नये ना! मला रडू आलं आणि रडताना इतका राग आला की डिक्शनरी उचलून खिडकीबाहेर फेकावी वाटली.

घरी येऊन प्लेनोला फोन लावला. माझा भाऊ राजीव तिथे नोकरीला. त्याला म्हटलं, "मी शनिवारी येतेय. किती दिवस ते माहीत नाही."

"काय झालं, ताई?"

"ते आल्यावर सांगेन. तिकीट बुक कर."

त्यानं केलं. पण मला नुसतं जायचं नव्हतं. त्या पत्रातला शब्दन् शब्द इंग्रजीत करून, टाइप करून, त्याच्या थिसिसच्या वर ठेवून जायचं होतं, पहिल्या वर्गातल्या टायपिंगमध्ये. वाचणारं माणूस शोधायला काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सी बिल्डिंगमधली नानिक. तिचा नवरा पण स्टुडंट आहे. मी येऊ का सोबत?"

"नको," मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला.

शुक्रवारी दुपारी मी नानिकच्या दारात उभी राहिले. माझ्याच वयाची, बुटकी, हसरी बाई, सुराबाया शहरातली. आमचं बोलणं इंग्रजीत, दोघींचंही मोडकंतोडकं. मी दोन्ही कागद पुढे ठेवले आणि सांगितलं, "आधी हे पिवळं. माझ्या नवऱ्यानं एका बाईला लिहिलंय. काही लपवू नका."

तिनं मनातल्या मनात वाचलं. दोन ओळींवर भुवया वर गेल्या. मग ओठ दाबले. मग चक्क हसायला लागली. माझी बॅग भरून तयार होती आणि ही हसतेय!

"सॉरी," ती म्हणाली. "ऐका. इबू म्हणजे आई. इबू सुपार्ती, तुम्ही मला आईच्या जागी आहात. तुम्ही पंप बंद पडल्याचं लिहिल्यापासून मला खूप प्रेम आहे. प्रेमामुळे मला झोप येत नाही. पंपामुळे मला प्रेम होतं. तळ्यामुळे मला प्रेम होतं."

"पंपावर प्रेम?"

"पुढे ऐका ना. तुमच्या डोळ्यांमुळे मला सर्वांत जास्त प्रेम आहे."

"बघा!" मी ओरडलेच.

"मोतीबिंदू वाढण्याआधी शहरातल्या डॉक्टरकडे जा. पणतवंडांना आशीर्वाद." नानिकनं कागद खाली ठेवला. "मिसेस शैला, ही बाई पणजी आहे. पण हे कसं लिहिलंय, मला कळत नाही. असं आमच्यात कुणी लिहीत नाही. प्रेमामुळे झोप उडाली, प्रेमामुळे जेवण जात नाही... एखाद्याला आजार झाल्यासारखं." आणि तिनं मूळ ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. "साया आदा बान्याक चिंता."

"काय म्हणालात?"

"चिंता."

"हा? हा शब्द? सी, आय, एन, टी, ए?"

"हो. आमच्याकडे सी म्हणजे च. चिंता. म्हणजे प्रेम."

अख्ख्या न्यू जर्सीत त्या क्षणी हे पत्र कळणारी मी एकटी बाई होते. मला खूप चिंता आहे. चिंतेमुळे झोप येत नाही. पंपाची चिंता, तळ्याची चिंता, तुमच्या डोळ्यांची सर्वांत जास्त चिंता. अर्धी भाषा आपलीच आहे म्हणे! डिक्शनरी उघडावी लागत नाही म्हणे!

मी हसायला लागले. नानिकला समजावून सांगितलं तशी तीही सोफ्यावर लोळली. आणि मग हसता हसता माझं हसू कुठेतरी अडकलं. कारण प्रेम नव्हतं ते ठीक, पण चिंता तर होती ना? याला चिंता होते. झोप उडेल इतकी होते. आणि ती त्यानं समुद्रापलीकडे एका पणजीबाईला लिहिली, आणि मला, शेजारी झोपणाऱ्या बायकोला, चार वर्षं काय ऐकवलं? चिंता नसावी! हे मला जास्त लागलं, खरं सांगते. प्रेमापेक्षा जास्त लागलं.

"आता निळं वाचा," मी म्हटलं. माझं शनिवारचं तिकीट अजून होतंच.

निळं पत्र सुपार्तीनं सांगितलेलं आणि गावातल्या मास्तरांनी लिहिलेलं होतं. नानिक हळूहळू वाचत गेली.

"पाक त्री," म्हणजे त्र्यंबकराव. पूर्ण नाव तिकडे कुणाला जमत नव्हतं. "तुझं पत्र मास्तरांनी बैठकीत तीनदा वाचलं. पंपवाल्या साहेबांची पत्रं येतात, पण आमच्यावर प्रेम आहे असं त्यांतल्या कुणी कधी लिहिलं नाही. पंपावर मात्र इतकं प्रेम करू नकोस. तो मार्चपासून मेलेला आहे आणि आता उठणार नाही. नळ आला तेव्हा आम्ही तळ्यातला गाळ काढणं सोडलं. तूच म्हणाला होतास, आता गरज नाही. बायका पुन्हा गुहेपर्यंत चालतात. पण तुझं पत्र ऐकून म्हातारे म्हणाले, हा परका माणूस इतक्या लांबून आपल्या तळ्यावर प्रेम करतो आणि आपणच त्या तळ्याकडे पाठ करून बसलोय. म्हणून यंदा सगळे उतरलो. एकोणीस दिवस गाळ काढला. पाऊस आला की पाणी साठेल."

नानिक थांबली. तिचेही डोळे भरले होते. "शेवटी एक ओळ आहे. 'तुझ्या बायकोलाही प्रेम दे.'"

"ही ओळ तुमच्या भाषेत वाचा."

तिनं वाचली. इस्त्री म्हणजे बायको, ते मला कळलं. आणि चिंता.

मी घरी आले तेव्हा साडेपाच वाजले होते. एरवी पाच वाजता मी घरात नाही असं कधी झालेलं नव्हतं. त्र्यंबक दारातच उभा होता, कोट न घालता, पायात एकच चप्पल. बेडरूममध्ये माझी भरलेली बॅग त्यानं बघितली होती.

"कुठे होतीस? काकूंना विचारलं, त्या काही सांगेनात. हे काय चाललंय?"

"तू सांग काय चाललंय," मी म्हटलं. "शेवटचं प्रकरण का देत नाहीस?"

तो नेहमीचं म्हणायला तोंड उघडत होता. मी पिवळा कागद आणि निळं पत्र टेबलावर, टाइपरायटरच्या शेजारी ठेवलं. तो खुर्चीत बसला. मोठे कान लाल झाले होते.

"माझं तिसरं प्रकरणच चुकीचं आहे, शेवटचं लिहू कशावर?" तो म्हणाला. "पंप बंद पडलाय. मी तिथे बैठकीत उभा राहून सांगितलं होतं, आता तळ्याची गरज नाही. मी! टँकरमागे धावलेला माणूस! छत्तीस पानं पुन्हा लिहावी लागणार, शैला. वर्ष जाईल. डिसेंबर काही होत नाही."

"हे मला का नाही सांगितलंस?"

"तू दिवस खोडतेस. मी रोज बघतो ते कॅलेंडर." त्यानं निळं पत्र उचललं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "खरं म्हणजे म्हातारीनं तसं लिहिलंही होतं. विचित्र बाई आहे. लिहिते, बायकोलाही चिंता दे. मी पार्किंगमध्ये बसून रोज ती ओळ वाचायचो आणि म्हणायचो, छे, तिला कशाला द्यायची? आधीच सगळं सोडून आलीये ती. तिला काय चिंता देत बसू?"

फोन वाजला. प्लेनोहून राजीव होता, उद्याची वेळ विचारत होता. "कॅन्सल कर रे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. त्याला खरा अर्थ सांगावा असं अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हटलं, एवढी घाई नाही, शहाण्यानं कधीतरी डिक्शनरी उघडावी.

"ती म्हणते ना दे म्हणून," मी म्हटलं. "मग दे."